भाकरीचा भ, बाराबंदीचा ब

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की बाटल्यांची झाकणं, सुटी बटणं, जुन्या लग्नपत्रिका निघतात. घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर हे सगळं टाकू नका. वाचनाची पहिली तयारी त्यांतून फार छान होते.

सुरुवातीला अक्षर दाखवायचंच नाही. सुपात भेंडी, बटण, भोवरा, बांगडी, भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि म्हणायचं, "भ ऐकू येतो ते दे." चित्रंही चालतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी सोलापूरच्या पोरांच्या ओळखीची, म्हणून ब साठी वर्तमानपत्रातला तो फोटो कापून ठेवावा. तोंडासमोर तळहात धरून भ म्हटलं की श्वासाचा झोत हाताला लागतो, ब म्हणताना तसा लागत नाही. हे मुलांना भारी आवडतं.

सोलापुरात ही जोडी महत्त्वाची आहे. पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड; दोन्हींच्या रोजच्या बोलण्यात असे श्वासाचे उच्चार बरेचदा सौम्य होतात. मुलानं 'भात'चा 'बात' केला तर ती घरच्या भाषेची सवय असते, त्याला रागावू नये. तेच तेलुगू मूल 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च चटकन ओळखतं, कारण त्याच्या भाषेतही ते दोन्ही आहेत. दखनी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला मात्र 'काळा' आणि 'काला' पुन्हा पुन्हा ऐकवावे लागतात.

कान तयार झाला की झाकणं घ्यायची. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे गोल कापून त्यांवर चिकटवायचे आणि ठळक अक्षरं काढायची: म, क, ल, काना आणि दुसरी वेलांटी, प्रत्येकाची दोन-तीन झाकणं. एवढ्यात मामा, काकी, मका, लाल, काम, कमी, कमाल जुळतात. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवावी. ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, त्यात मूल गोंधळतं. पुढच्या खेपेला स, प, र, ओकार आणि दीर्घ ऊकार आणले की मोर, रोप, पीक होतात आणि 'सोलापूर'ही वाचता येतं.

वर्णमालेचा क्रम कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांवर लावलेला आहे. तो अभ्यासकाला आनंद देतो. पण त्याच क्रमानं शिकणाऱ्या मुलाच्या हाती क, ख, ग, घ येऊनही वाचावासा शब्द लागत नाही. 'ग गणपतीचा' घोकून तर 'गाय' समोर आली तरी गणपतीच आठवतो. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला देण्याची पद्धत रुजवली, ती मला म्हणूनच पटते. वस्तू आसपासच्याच घ्यायच्या, हेही आपल्याकडे जुनंच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत 1945 पासून आणि पुढे कोसबाडला बिया, पानं, शिंपले हेच बालवाडीचं साहित्य केलं.

घरच्या भाषेचा धडा आपल्याच जिल्ह्यानं दिला आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी मुलांच्या मातृभाषेत पाठ्यपुस्तकं आणली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. 2020चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

झाकणांच्या खेळात घरच्या भाषेला जागा देणं आणखी सोपं आहे. ऱ्हस्व उकाराचं एक झाकण वाढवून 'कालु' जुळवावं. मराठी मूल बुचकळ्यात पडेल. कन्नड आणि तेलुगू मुलं मात्र आपल्या पायाला हात लावतील, कारण दोन्ही भाषांत त्याचा अर्थ पाय. मग त्यांनाच आणखी शब्द विचारावेत. तेलुगू मूल 'पालु' म्हणेल, कन्नड मूल 'हालु' म्हणेल, दोन्ही म्हणजे दूध. तेवढ्यासाठी ह चं झाकण करून ठेवावं.