डबी लहान, म्हणून जागा कुठलीही?

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. तीच पुढे भारतनेट झाली. पंचायत कार्यालयात बसणारे तिचे यंत्र जेमतेम पुस्तकाएवढे. त्यामुळे एवढ्याशा डबीला वेगळी जागा कशाला, कपाटावरचा कोपरा पुरे, असा समज सहज रुजतो. पण जागा यंत्राच्या आकारावरून ठरवायची नसते. त्या खोलीत बाहेरून वीज, ऊन, पाणी आणि धूळ किती येते, यावरून ती ठरते. यवतमाळ जिल्ह्यात या चारही गोष्टी कडक आहेत.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज विजेचा आहे. फायबर काचेचे, त्यातून वीज वाहत नाही, मग आकाशातल्या विजेची भीती कसली, असे विचारले जाते. काचेबद्दलचे म्हणणे खरेच आहे. पण फायबरच्या टोकाला बसलेल्या यंत्राचा अडॅप्टर गावच्या लाइनवर असतो, तिथून संगणकाकडे तांब्याच्या तारा जातात, आणि अनेक फायबर केबलींमध्ये मजबुतीसाठी पोलादी तार किंवा पत्रा असतो. वीज थेट इमारतीवर पडायचीही गरज नाही. जवळपास पडली तरी तारांमध्ये दाबाची लाट उसळते. छपरावरचा तडितरक्षक इमारत वाचवतो, आतले यंत्र वाचेलच असे नाही. स्टॅबिलायझरवरचा भरवसाही चुकीचा आहे. त्याला दाब सावरायला काही मिलिसेकंद लागतात, आणि विजेची लाट मायक्रोसेकंदांत आपले काम करून जाते. तिथे सर्ज प्रोटेक्टरच हवा, आणि तो ती लाट जमिनीत सोडतो. म्हणजे अर्थिंग नसेल तर तो नावापुरताच उरतो. यावर एक रास्त आक्षेप येतो: अडॅप्टर तर दोन पिनांचा आहे, त्याला अर्थिंग लागतेच कुठे? माणसाला धक्का बसू नये एवढ्यापुरते त्याचे दुहेरी आवरण पुरते. लाटेला मात्र बाहेर जायला वाट लागतेच.

ही वाट आपल्याकडे जमिनीच्या स्वभावावर अवलंबून असते. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थिंगचा रोध कमी दिसतो. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. मे-जूनमध्ये वळवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या या कोरड्या जमिनीवर. म्हणून ऑगस्टात घेतलेले मोजमाप दिलासा देत असले तरी त्यावर विसंबता येत नाही. नेटवर्कसाठी 'स्वच्छ' अर्थिंग वेगळे काढावे आणि इमारतीच्या अर्थिंगला जोडू नये, हा सल्लाही घातक आहे. दोन सुट्या अर्थिंगांमध्ये वीज पडल्याच्या क्षणी हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो यंत्रातून वाट काढतो. अर्थिंगचे खड्डे दोन असोत, ते एकमेकांना जोडलेलेच हवेत.

उन्हाबाबत दोन टोकांचे समज आहेत: एसीशिवाय यंत्र टिकणारच नाही, किंवा घरी राउटर चालतो तसे हेही चालेल. खोलीत वापरायच्या अशा बऱ्याच यंत्रांची मर्यादा ४० अंशांची असते. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४ च्या वर जातो, आणि टिनाखालच्या बंद कपाटात त्याहून जास्त उकडते. तरीही एसी हा पहिला उपाय नव्हे. स्लॅबखालची खोली, पश्चिमेची तापणारी भिंत टाळणे, कपाटाला खाली-वर हवेची जाळी, एवढ्याने बराच फरक पडतो. कूलरचा झोत मात्र यंत्रावर नको, त्यातली ओल आत शिरते. बॅटरी त्याच कपाटात कोंडणे तर दुहेरी चूक आहे: २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, आणि चार्ज होताना ती स्फोटक हायड्रोजन सोडते.

पाण्याचे गणित सोपे आहे. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातल्या आनंदनगरच्या लोकांना पुराने वेढले होते. गावाने पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेच्या वर यंत्र हवे, आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ हवा, म्हणजे पाणी बाहेरच ठिबकते. वणीकडे कोळशाची धूळ आणि जिनिंगजवळ कापसाचे तंतू जाळ्या बुजवतात. जाळी काढून झटकता येईल अशीच बसवावी.

पंचायतीकडे पैसा कुठे, हा प्रश्न खोटा नाही. पण यातले बहुतेक काम जागा निवडण्याचे आहे, आणि योग्य भिंत निवडायला निधी लागत नाही. खर्च होतो तो अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरवर, आणि हाताशी थोडेच पैसे असतील तर ते आधी तिथेच घालावेत. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. कंत्राटदाराकडून त्यानुसार काम आणि मे महिन्यातले मोजमाप मागून घ्यावे, आणि तो आकडा तारखेसह खड्ड्याशेजारच्या पाटीवर रंगवावा.