पुलाखालून जाणारी वाट

भर शहरातून मैलोन्‌मैल सायकल चालवायची आणि रस्ता ओलांडायला क्वचितच थांबायचं, हे जमतं कसं? अमेरिकेत डेन्व्हरमधल्या साउथ प्लॅट नदीच्या काठची वाट हे रोज करून दाखवते. त्यामागची युक्ती थक्क करणारी आहे. नदी आली की मोठ्यातला मोठा रस्ताही पुलावर चढतो आणि त्याच्या पोटाशी जागा मोकळी राहते. वाट नेली ती तिथूनच.

पूल जवळ आला की वाट हळूच काठावरून खाली उतरते. पाणी हाताच्या अंतरावर येतं, अंगावर गार सावली पडते, डोक्यावर ट्रकची धडधड आणि शेजारी बदकं. दोन-चार पॅडल मारली की पुन्हा ऊन. उतार साधारण वीस फुटांना एक फूट, म्हणजे चाकाची खुर्चीही सहज जावी एवढाच. रुंदी निदान दहा फूट हवी, कारण समोरून सायकल येते आणि कडेने बाबागाडीही चाललेली असते.

पण पूर आला तर? तर वाट बुडते, आणि मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. ती बुडणार हे धरूनच बांधलेली आहे. पाण्याखाली गेलेला डांबरी रस्ता लवकर उखडतो, म्हणून तिथे जाड काँक्रीट. पाणी चढलं की वाट बंद करायची, ओसरलं की गाळ काढून पुन्हा खुली करायची. नदीशी भांडण नाहीच.

ही समजूत स्वस्तात आली नाही. 16 जून 1965 रोजी शहराच्या दक्षिणेला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि साउथ प्लॅटने डेन्व्हरचा सखल भाग धुऊन नेला. सुमारे 54 कोटी डॉलरचं नुकसान झालं. वरच्या बाजूला चॅटफिल्ड धरण बांधलं गेलं. पण नदीचं काय करायचं? तोवर शहराने तिच्याकडे पाठ फिरवून तिची कचराकुंडी केली होती. 1974 मध्ये महापौर बिल मॅकनिकल्स यांनी नदीसाठी समिती नेमली. ते डेमोक्रॅट, पण अध्यक्षपद दिलं राज्याच्या सेनेटमधले रिपब्लिकन सदस्य जो शूमेकर यांना. संपूर्ण नदी एकदम सुधारायचा भव्य आराखडा करत बसण्याऐवजी समितीने लोकांना दिसेल अशी जागा निवडली: चेरी क्रीक हा ओढा नदीला मिळतो तो संगम. 1858 मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्यांनी याच परिसरात वस्ती केली होती, शहर जन्मलं ते इथेच. 1975 मध्ये तिथे उद्यान उभं राहिलं, लोक पुन्हा पाण्यापाशी येऊ लागले आणि मग वाटेचे तुकडे एकमेकांना जोडले गेले. आज आजूबाजूच्या ओढ्यांकाठच्या वाटा धरून हे जाळं शंभर मैलांच्या वर गेलं आहे.

नदीकाठ सुधारायचा म्हणून पात्रात भराव टाकून भिंती उभारणं मला मुळीच पटत नाही. पात्र आवळलं की पुराचं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरतं.

तुमच्या गावात नदीवर पूल असेल तर उन्हाळ्यात एकदा त्याच्याखाली उतरा. खांब आणि काठ यांच्यामध्ये दहा फूट जागा आहे का, पुराची खूण खांबावर किती उंच आहे, तिथे आज काय टाकलं जातं, हे मोजा, लिहून काढा आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा आपल्या नगरसेवकापुढे मांडा.