कुकडीकाठची राख

जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, कुकडीच्या गाळात फिकट राखेचा थर सापडतो. आपला सह्याद्रीचा काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख परदेशी आहे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडून तिने तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा पल्ला गाठला.

पण टोबाचे मोठे उद्रेक चार: सुमारे १२ लाख, ८ लाख, ५ लाख आणि ७४ हजार वर्षांपूर्वीचे. यांपैकी कोणता? बोरीला राखेच्या सान्निध्यात अश्यूलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या परंपरेतल्या, घडणीची दगडी हत्यारे मिळाल्याने हा प्रश्न थेट इथल्या आदिमानवापर्यंत पोहोचला. आधी राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे निघाले. १९९५ मध्ये डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, एस. एन. राजगुरू आणि सहकाऱ्यांनी ते ६.७ लाख वर्षे मांडले. राखेतल्या काचकणांचे रसायन तपासणारे संशोधक मात्र ते जेमतेम ७५ हजार वर्षे सांगत होते.

मूठभर राख एकत्र मोजली, तर नदीने मिसळलेले जुने खनिजकणही त्यात मोजले जातात. म्हणून एकेक काचकण तपासायचा. मायक्रोप्रोब त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतो आणि निघणाऱ्या क्ष-किरणांवरून सिलिका, पोटॅश, लोह यांचे प्रमाण कळते. टोबाच्या निरनिराळ्या राखा या प्रमाणांत फारच सारख्या दिसतात. मग लेझरने कणावरचा सूक्ष्म ठिपका उडवून बेरियम, यट्रियमसारखी अत्यल्प मूलद्रव्ये मोजतात.

खरी कसोटी यानंतरची. तक्त्यात एका कणाला एक ओळ, आणि ओळीतल्या टक्क्यांची बेरीज शंभर. सिलिका वाढली की बाकीचे आकडे आपोआप घटतात आणि नसलेली नाती दिसू लागतात. जॉन एचिसन या संख्याशास्त्रज्ञाने यावर उपाय दिला: टक्क्यांऐवजी गुणोत्तरांचे लॉगरिदम घ्यावेत. त्यावर संगणकाने गट पाडले, तर ते अधिक विश्वासार्ह ठरतात.

निकोलस पिअर्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये भारतातल्या राखेचे असे सुटे कण तपासले. टोबाच्या सर्वांत अलीकडच्या उद्रेकाच्या काचेत बेरियम व यट्रियमच्या प्रमाणानुसार वेगवेगळे गट पडतात. सरासरीत ते पुसले गेले असते. भारतात आजवर नोंदलेली टोबाची सारी राख त्याच उद्रेकाची, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हत्यारांचे वय मात्र एवढ्याने ठरत नाही. नदी जुने थर उकरते, नवे टाकते, राखही पुन्हा वाहून नेते. त्यामुळे कोणते हत्यार राखेखालच्या न हललेल्या गाळात होते आणि कोणते नदीने तिथे आणून टाकले, हे थर वाचूनच ठरवावे लागते.