परसातली दहा बाय बाराची खोली: धंद्याची पहिली जागा स्वतः उभी करताना



शिलाई, पार्लर, शेंगदाणा चटणीचं पॅकिंग, मोबाइल रिपेअरिंग, मुलांच्या शिकवण्या. काम कुठलंही असो, प्रश्न एकच येतो: "जागा कुठून आणू?" आपल्या धाराशिव जिल्ह्यात बऱ्याच घरांमागे परस असतो, बाजूला मोकळी जागा पडलेली असते. तिथे एक खोली बांधली तर गाळ्याचं भाडं वाचतं, घराकडे लक्ष राहतं आणि कामाची वेळ आपल्या हातात राहते.

पण ज्याने आयुष्यात कधी एक वीट रचली नाही, त्याने सुरुवात कुठून करायची? चला, क्रमाने बघू.

आधी कागदावर गणित

समजा तुमच्या बाजारपेठेत गाळ्याचं भाडं महिना 3,500 रुपये आहे आणि खोलीला 2,10,000 रुपये लागणार आहेत. 2,10,000 भागिले 3,500, म्हणजे 60 महिने. पाच वर्षांनी खोली "फुकट" होणार. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

आता स्वतःला विचारा: माझा धंदा पाच वर्षं चालेल याची खात्री मला आज आहे का? नसेल, तर आधी घरातल्या एका कोपऱ्यात तीन-चार महिने काम करून बघा. ऑर्डरी घरात मावेनात, तेव्हा खोली बांधा. खोली धंदा आणत नाही, आलेल्या धंद्याला जागा देते.

सरकारी योजनेतून कर्ज घ्यायचं असेल, तर पहिला खड्डा मारण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या. पीएमईजीपीसारखी योजना नव्या युनिटसाठीच असते, आणि जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत. बांधून झाल्यावर विचारायला गेलात तर उशीर झालेला असतो.

परवानगी: एक चक्कर आधी, दहा चकरा कमी

- गावठाणात जागा असेल तर नमुना 8 चा उतारा काढा आणि ग्रामपंचायतीत बांधकाम परवानगीचं विचारा. शहरात असाल तर नगरपरिषदेत.
- शेतात बांधायचं असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो. तलाठी कार्यालयात आणि तहसीलमध्ये आधी खात्री करा.
- भावकीची सामाईक जागा असेल तर संमती तोंडी नको, लेखी घ्या. "आमचे दादा काही म्हणणार नाहीत" हे वाक्य धंदा चालायला लागला की बदलतं.
- धंद्यासाठी वीज कुठल्या दराने लागेल, ते महावितरणच्या कार्यालयात विचारून ठेवा.

30 सप्टेंबर 1993 विसरू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या जिल्ह्यात खोली बांधणारा माणूस ही तारीख सोडून पुढे जाऊ शकत नाही.

गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमाराला, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली. आपल्याकडचं सास्तूर, उमरगा आणि लोहारा परिसरातली गावं यांनी ते भोगलंय. त्याआधी हा भाग देशातल्या सर्वात कमी धोक्याच्या भूकंप पट्ट्यात धरला जायचा. 2002 मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो सर्वात खालचा पट्टाच रद्द झाला.

माणसं मेली ती घरं पडल्यामुळे. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, पण दगड मातीत रचलेले. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना बांधणारा आडवा लांब दगड नाही. वर माळवद, गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली माती. हादरा बसला, भिंतीचे दोन थर फाकले आणि ते सगळं ओझं खाली आलं. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज तिथेच मोडला.

नंतर गावोगावी घरं दुरुस्त आणि मजबूत करायचं मोठं काम झालं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने सुमारे 1,300 गावांत लोकसहभागाचं काम केलं. गावातल्याच महिला "संवाद सहायक" झाल्या. ज्यांनी कधी ओळंबा हातात धरला नव्हता, त्या बायका बांधकामाची माहिती घरोघर पोचवू लागल्या, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या. पुढे हीच संस्था महिला बचत गट, शेती आणि उद्योगाकडे वळली. सांगायचा मुद्दा हा, की स्वतःच्या बांधकामावर देखरेख करायला इंजिनिअरची पदवी लागत नाही. चार गोष्टी माहीत असाव्या लागतात आणि त्या विचारायची हिंमत लागते.

पाया आणि आखणी

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकवलेली भिंत दोन वर्षांत तडकते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा. काळी माती खूप खोल असेल तर तिथे अंदाज चालत नाही, इंजिनिअरला दाखवा. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू नका. मुरूम भरा, पाणी मारा, थराथराने ठोका.

आखणी तुम्ही स्वतः तपासू शकता. आतून 10 फूट बाय 12 फुटांची खोली असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत: साधारण 15 फूट साडेसात इंच. टेप धरायला दोन माणसं आणि पाच मिनिटं पुरतात. कर्णात फरक आला तर काम तिथेच थांबवा. आखणी चुकली की फरशी आणि पत्रा बसवताना पैसे जातात.

तीन पट्टे: इथे काटकसर नाही

वीटकामात खोलीभोवती काँक्रीटचे अखंड पट्टे घालायचे. एक जोत्यावर, एक दारं-खिडक्यांच्या वर (लिंटेल), आणि पत्र्याचं छत असेल तर एक भिंतीच्या माथ्यावर. स्लॅब असेल तर माथ्याच्या पट्ट्याचं काम स्लॅबच करतो. पोत्याला जसा दोर आवळतो, तसे हे पट्टे चारही भिंतींना एकत्र धरतात.

साधारण माप असं: 75 मिमी म्हणजे तीन इंच जाडी, 8 मिमीच्या दोन सळया, दर सहा इंचांवर 6 मिमीची कडी. आपल्या खोलीला एका पट्ट्यासाठी अंदाजे दोन पोती सिमेंट आणि 17-18 किलो लोखंड लागतं. तिन्ही पट्टे मिळून सहा पोती आणि पन्नासेक किलो लोखंड. दुकानदाराचा आजचा भाव लावा आणि बेरीज करा. घरच्यांच्या जिवासाठी एवढाच जास्तीचा खर्च आहे.

गवंडी म्हणेल, "एवढ्याशा खोलीला कशाला?" तेव्हा या चार गोष्टी बघा:

1. पट्टा कुठेही तुटलेला नको. दारावर तुकडा लिंटेल टाकून भागवू देऊ नका.
2. कोपऱ्यात सळई वळवून दुसऱ्या भिंतीत गेली पाहिजे. नुसती टेकवलेली चालत नाही.
3. चारही कोपऱ्यांत पायापासून वरपर्यंत उभी सळई हवी.
4. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब हवी, आणि एका भिंतीतली सगळी भोकं मिळून निम्म्या लांबीपेक्षा कमी.

पक्कं डिझाइन स्थानिक इंजिनिअरकडून एकदा काढून घ्या. त्याची फी वाचवू नका.

काय स्वतः करायचं, काय नाही

स्वतः करा: खोदाई, मुरूम भरणी, विटा भिजवणं, पाणी मारणं, रंग, मालाची खरेदी आणि रोजची वही. गवंड्यावर सोडा: वीटकाम, सळईची बांधणी, काँक्रीट. इलेक्ट्रिकचं काम परवानाधारक माणसाकडूनच.

नऊ इंची भिंत, नऊ फूट उंची, एक दार, दोन खिडक्या धरल्या तर साडेतीन ते चार हजार विटा लागतात. कोणी सहा हजार मागवायला सांगितल्या तर हिशोब मागा.

पैसे टप्प्याने द्या: जोतं झाल्यावर, लिंटेल झाल्यावर, छत झाल्यावर, आणि थोडे शेवटी. सगळी उचल आधी दिली की गवंडी दुसऱ्या साइटवर दिसतो.

पाणी आणि हंगाम

काँक्रीटला कमीत कमी सात दिवस पाणी लागतं, आपल्या कोरड्या उन्हात दहा ते चौदा दिवस मारा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे प्यायला टँकर लागतो, तिथे बांधकामाला पाणी कुठून आणणार? म्हणून दिवाळीनंतर काम काढा, संक्रांतीच्या आसपास छत पडू द्या.

पत्रा टाकणार असाल तर तो अँगलला हुक-बोल्टने आवळा. दगड ठेवून भागवू नका, वळवाच्या वाऱ्यात तेच दगड खाली येतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही, तेव्हा आतून सीलिंग आणि समोरासमोर खिडक्या यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. ज्या खोलीत दुपारी तीन तास काम होत नाही, तिचं 60 महिन्यांचं गणित 80 वर जातं.

आजचं काम

वही काढा. पहिल्या पानावर तीन आकडे लिहा: गाळ्याचं भाडं, खोलीचा अंदाजे खर्च, आणि गेल्या तीन महिन्यांत धंद्यातून हातात उरलेली रक्कम. तिसरा आकडा अजून शून्य असेल तर खोली थांबू द्या, ऑर्डर मिळवा. तिसऱ्या आकड्यातून भाडं निघत असेल, तर उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 काढा.