भावंडांची जादू आणि आमच्या विहिरीवरचा मुंजा

हा भाग तुम्ही ऐकत नसून वाचताय, म्हणजे एकतर लोकलमध्ये नेटवर्क गेलंय किंवा हेडफोन घरी राहिलाय. हरकत नाही. बोलताना मी जे 'अं... म्हणजे...' करतो ते इथे कापलंय, बाकी सगळं तसंच आहे.

मागच्या भागानंतर एकीने विचारलं होतं, "दादा, आयर्लंडमधल्या जादूवाल्या भावांच्या कादंबऱ्या ऐकून ऐकून वेड लागलंय. आपल्याकडे असं काही का नाही?" मी आधी सरळ उत्तर टाइप करत होतो की आहे, भरपूर आहे. मग थांबलो. कारण आपल्याकडे जे आहे ते बरोबर उलटं आहे. त्यांच्याकडे भावंडं एकत्र आली की जादू वाढते. आपल्याकडे बहुतेक गोष्टींत भावंडांचं फाटलं की भूत जन्माला येतं. हे असं का, त्यावरच आजचा भाग.

आधी त्यांचं बघू. नोरा रॉबर्ट्स या अमेरिकन लेखिकेची 'कझिन्स ओड्वायर' नावाची तीन पुस्तकांची मालिका आहे, २०१३-१४ मध्ये आलेली. गोष्ट घडते आयर्लंडच्या मेयो परगण्यात. सुरुवात सन १२६३ मध्ये. सोर्खा नावाची एक चेटकीण, तिची तीन लहान मुलं, आणि तिच्या शक्तीवर टपलेला एक दुष्ट जादूगार. मरायच्या आधी ती काय करते? आपली शक्ती तीन मुलांत वाटून टाकते. वाटणीच म्हणा ना! पण ही वाटणी अशी आहे की एकेकट्याचा वाटा अपुरा. शत्रूपुढे तिघांनी मिळूनच उभं राहायचं. आणि मग आजच्या काळातले त्यांचे वंशज, एक बहीण, एक भाऊ आणि अमेरिकेतून आलेली एक चुलत बहीण, तेच काम पुढे नेतात. प्रेमप्रकरणं वगैरे आहेतच, ती तुम्ही तुमच्या स्पीडने ऐका. मी दीडपटीने ऐकली.

हे काही नोराबाईंनी हवेतून आणलेलं नाही. आयर्लंडच्या जुन्या दंतकथांमध्ये लिर राजाच्या मुलांची गोष्ट आहे. एक बहीण फिनूला आणि तिचे तीन भाऊ. सावत्र आई त्यांना शाप देऊन हंस करते. नऊशे वर्षं! तीनशे एका तळ्यावर, तीनशे थंडगार समुद्रात, आणि शेवटची तीनशे त्याच मेयोच्या किनाऱ्याजवळ. शरीर हंसाचं, पण आवाज माणसाचा राहतो. आणि वादळात फिनूला काय करते, तर भावांना आपल्या पंखांखाली घेते. नऊशे वर्षं तेच. मला त्या गोष्टीत शापापेक्षा हा पंख जास्त लक्षात राहिला.

आता आपल्याकडे या. आधी एक शब्द बघा, भाऊबंदकी. भाऊबंद म्हणजे नातलग, एका रक्ताचे लोक. मग भाऊबंदकी म्हणजे आपुलकी असायला हवी होती. पण आज कोणी म्हणालं, 'त्यांच्यात भाऊबंदकी आहे', तर तुम्ही काय समजता? कोर्टकचेरी, बांध कोरणं, लग्नाला न बोलावणं. आपल्या भाषेने नात्याच्या शब्दालाच भांडण करून टाकलंय. म्हणजे किती पिढ्या किती घरांनी हे बघितलं असेल, विचार करा.

महाराष्ट्रातलं सगळ्यात प्रसिद्ध भूत घ्या. शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. नारायणराव पेशवे, वय अठरा. थोरला भाऊ विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतात गेलेला, मधला माधवराव आदल्या वर्षी आजाराने गेलेला. म्हणजे दोन्ही भाऊ संपल्यावर हा पोरगा गादीवर एकटा, आणि समोर सख्खे काका रघुनाथराव. गारद्यांनी त्याला वाड्यातच मारलं. आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं ही 'ध चा मा'ची गोष्ट दंतकथाच असावी, पण ती टिकली. रामशास्त्र्यांनी काकांना दोषी ठरवलं, हे मात्र आपण शाळेत शिकलोय. यावर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक लिहिलं, त्याचं नाव काय? 'भाऊबंदकी'!

आणि भूत काय म्हणतं, ते सगळ्यांना माहीत आहे: 'काका मला वाचवा.' जरा लक्ष देऊन ऐका. हे भूत सूड मागत नाही, मानगुटीवर बसत नाही. ते नात्याने हाक मारतंय, आणि तीही ज्याच्यामुळे मारेकरी मागे लागले त्यालाच. पुण्यात शिकत असताना मी एकदा रात्री मित्रांबरोबर त्या भिंतीजवळ उभा राहिलो होतो. ऐकू काहीच आलं नाही, रिक्षा सोडून. पण भीती वाटली ती भुताची नव्हती. आपल्याच काकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, ती होती. त्याबद्दल शेवटी सांगतो.

मग 'तुंबाड'. पुढे स्पॉयलर आहेत. २०१८ चा सिनेमा आहे, २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात येऊन आधीपेक्षा जास्त चालला, अजून बघितला नसेल तर दोष माझा नाही. हिंदीत असला तरी घर, पाऊस, वाडा, सगळं आपलं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. मुळाशी नारायण धारपांची 'आजी' ही कथा, आणि तिच्याही मागे स्टीफन किंगच्या आजीच्या कथेची सावली आहे. धारप किंगकडून उघडपणे घेत, त्यांची 'लुचाई' म्हणजे किंगच्या 'सेलम्स लॉट'चंच मराठी घर. पण घर मराठी झालं की भीतीही बदलते, हे मला फार इंटरेस्टिंग वाटतं.

तर १९१८ साल. दोन भाऊ, विनायक आणि सदाशिव. आई वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारांची सेवा करते, एका सोन्याच्या मोहरेच्या आशेवर. पोरं सरकारांचीच, पण हक्क काही नाही. घरात साखळीला बांधलेली एक शापित म्हातारी. आणि दंतकथेत हस्तर, समृद्धीच्या देवीचा पहिला, लाडका मुलगा. त्याला सगळं सोनं हवं आणि सगळं धान्यही. सोनं मिळतं. धान्याकडे हात जातो तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडतात. आता हे बाकीचे देव कोण? त्याच देवीची मुलं. म्हणजे त्याची भावंडं! सगळे 'तुंबाड'ला लोभाची गोष्ट म्हणतात, ती आहेच. पण बारकाईने बघितलं तर ती थोरल्याने सगळं लाटायला बघितलं त्याची गोष्ट आहे. देवांची भाऊबंदकी. आई एका अटीवर त्याला पोटात लपवते, की तुझी पूजा कधी होणार नाही, तुझं नाव कोणी घेणार नाही. आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात हे चालतं की. एकाने काहीतरी केलेलं असतं, आई त्याला पाठीशी घालते, आणि मग घरात त्याचं नाव काढायचं नसतं.

आणि सदाशिव? तो सुरुवातीलाच झाडावरून पडतो आणि मरतो. मी दोनदा सिनेमा बघून झाल्यावर मला हे खटकलं. धाकटा भाऊ काढून टाकल्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकतच नाही. सदाशिव जगला असता तर पंधरा वर्षांनी विनायक एकटा त्या विहिरीत उतरला असता का? कोणीतरी वर दोर धरून उभं राहिलं असतं, आणि निम्मं मागितलं असतं. किंवा म्हणालं असतं, 'दादा, पुरे आता, चल घरी.' विनायकला हे म्हणणारं कोणी राहिलंच नाही. मग तो वारसा मुलाला देतो, सोबत शापही.

(इथे ऐकणाऱ्यांना मी कोडिंगचं उदाहरण दिलं होतं. वाचणाऱ्यांना थोडक्यात: आमच्याकडे इनहेरिटन्समध्ये पॅरेंट क्लासचे गुण घ्यायचे आणि बग नाकारायचे असं चालत नाही. सगळं पॅकेज येतं. बग नकोसा असेल तर ती मेथड स्वतः पुन्हा लिहावी लागते. 'तुंबाड'च्या शेवटी पोरगा नेमकं तेच करतो, फार भयंकर पद्धतीने.)

इथपर्यंत ऐकून वाटेल, आपण भांडकुदळ आणि आयरिश गुणी. तसं नाहीये. त्यांच्याकडेही रक्ताच्या वैराच्या गोष्टी ढिगाने आहेत. आणि आपल्याकडे लिरच्या मुलांना शोभेल अशी एक गोष्ट आहे. इतकी जवळची की आपण तिला त्या नजरेने बघतच नाही. तीन भाऊ, एक बहीण. आईबाप नाहीत. गावाने वाळीत टाकलेली. आणि जादू भरपूर.

आळंदी. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता.

भक्ती बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही, माझी आजी वारीला जायची. फक्त आज गोष्ट म्हणून ऐका. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंनी घरी परत पाठवलं, मग चार मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून गावाने बहिष्कार घातला. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून नदीत देह सोडला, असं परंपरा सांगते. ही पोरं शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत गेली. तिथे रेड्याकडून वेद वदवले. चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा चौघं भिंतीवर बसून भेटायला गेली, आणि भिंत चालली. पण माझी लाडकी गोष्ट मांड्यांची आहे. मुक्ताईला मांडे करायचे असतात, गावात कोणी भाजायला खापर देत नाही. ती रडत घरी येते. ज्ञानदेव योगाने आपली पाठ तापवतात आणि म्हणतात, घे, भाज. बस. जगात कुठल्या फँटसीत एवढी मोठी शक्ती बहिणीच्या स्वयंपाकासाठी वापरलीय, सांगा.

आणि उलट बाजूनेही तसंच. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसतात. बाहेर सगळ्यात धाकटी मुक्ता. ती दार तोडत नाही, चमत्कार करत नाही. समजूत घालते. तेच ताटीचे अभंग. पंखाखाली घेणारी फिनूला मला इथे दिसते, फक्त इथे पंख शब्दांचा आहे. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली, आणि साधारण वर्षभरात बाकीची तिघंही गेली. सोपान सासवडला, मुक्ताई तापीकाठी, निवृत्ती त्र्यंबकेश्वरला.

मग शनिवारवाडा आणि आळंदी, दोन्ही मराठी. फरक कशाचा? मी बरेच दिवस हे डोक्यात घोळवतोय. मला वाटतं उत्तर रुक्ष आहे. आळंदीच्या चौघांकडे वाटायला काही नव्हतं. जमीन नाही, वतन नाही, गावात जागा नाही. पुण्याला गादी होती, तुंबाडला मोहरा होत्या. सोर्खाकडे शक्ती होती, आणि ती तिने वाटली ती मात्र हुशारीने.

आता माझ्या काकांचं. बोर्डीत आमची चिकूची वाडी आहे. आजोबांनी लावलेली, त्यातली झाडं माझ्या वडिलांपेक्षा मोठी. मी आठवीत असताना वाटणी झाली. अर्धी बाबांकडे, अर्धी काकांकडे, आणि बरोबर मधल्या बांधावर विहीर. तिच्या शेजारी पिंपळ, आणि पिंपळावर मुंजा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला पोरगा, हे तुम्हाला माहीत असेलच. आमची आजी सांगायची, 'एकटा गेलास तर धरतो, भावाला घेऊन गेलास तर वाट सोडतो.' मी आणि काकांचा मुलगा, आम्ही कायम जोडीने जायचो. हात धरून. आता कळतं, पोरं एकटी विहिरीवर जाऊ नयेत म्हणून म्हातारीने केलेली ती युक्ती होती.

सातबाऱ्यावर इतर अधिकारात विहीर सामाईक लिहिलेली आहे. मुंजा कुठे लिहिलेला नाही. पण वाटणीनंतर पंपाच्या पाळीवरून वाजलं, दोन्ही घरांनी आपापल्या बोअरवेल मारल्या, आणि चौदा-पंधरा वर्षं विहिरीवर कोणी गेलं नाही. जाणार कसं? आजीच्या नियमाप्रमाणे दोघं लागतात.

यंदा उन्हाळ्यात आमच्या बोअरला खारं पाणी लागलं. काकांच्याही, असं घोलवडच्या बाजारात कळलं. झाडांची पानं कडेने करपायला लागलीत. बाबा म्हणतात आणखी खोल मारू. समुद्र इथून दिसतो, खोल जाऊन काय लागणार हे मला इंजिनिअर नसतो तरी कळलं असतं. विहिरीचं पाणी आजोबांच्या वेळी गोड होतं. गाळ काढावा लागेल, आणि त्याला दोन्ही घरांची परवानगी.

म्हणून मी या भागाचं कच्चं रेकॉर्डिंग सगळ्यात आधी चुलतभावाला पाठवलं. तीन वर्षांत आमच्या चॅटमध्ये फक्त दिवाळीची दोन स्टिकर. दोन दिवस निळ्या टिक्स, उत्तर नाही. परवा रात्री त्याचा मेसेज आला: 'रविवारी सकाळी ये बांधावर. मी दोर आणतो. बाबांना सांगू नकोस अजून.'

बाबा म्हणजे त्याचे. माझ्यांना मीही सांगितलेलं नाही. चला, पुढच्या आठवड्यात भेटू. तोपर्यंत तुमच्याकडच्या मुंजाचे नियम काय आहेत, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा.