मांजरीच्या पोटातले जंत ओळखायचे कसे?

बारामती-इंदापूर भागातल्या आपल्या घरांत मांजर बहुधा विकत आणलेली नसते, ती आपणहून आलेली असते. मांजर नापाक नाही हे लहानपणापासून ऐकलेले, म्हणून ती दस्तरख्वानाजवळ बसते, मुलांच्या अंथरुणात शिरते. पण नापाक नसणे वेगळे आणि पोटात जंत नसणे वेगळे.

पिल्लाचे पोट फुगले की मोहल्ल्यात उपाय ठरलेला : बकरीचे जंताचे औषध, त्यातलेच दोन थेंब. हे आम्हाला मुळीच पटत नाही. शेळ्या-गाईंच्या बाटलीत पुष्कळदा अल्बेंडाझोल असते, आणि त्याने मांजरीच्या रक्तपेशी घटू शकतात. शिवाय एकच औषध सगळ्या जंतांवर चालत नाही. म्हणून आधी जंत कोणता ते पाहावे.

थोडे घरीच कळते. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी वाळलेल्या तांदळासारखे कण दिसले, तर ते पट्टकृमीचे तुकडे. अंग चाटताना मांजर पिसू गिळते, तिच्यातून तो पोटात जातो. पिसवा तशाच ठेवून औषध दिले तर काही आठवड्यांत तांदूळ पुन्हा हजर! दुसरा एक पट्टकृमी उंदरांतून येतो. उलटीत शेवयांसारखे लांब जंत पडले तर ते गोलकृमी. पिल्लांना ते आईच्या दुधातूनच मिळतात. हिरड्या फिकट आणि शी डांबरासारखी काळी झाली, तर रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीचा संशय घ्यावा. लहान पिल्लू यात दगावते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाकीचे शी तपासूनच कळते. चमचाभर ताजी शी झाकणाच्या डबीत घ्यावी. मातीतली उचलू नये, मातीतले किडे मिसळून घोटाळा होतो. नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा, गोठवू नये. तपासणारे तो मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात कालवतात. बियाणे मिठाच्या पाण्यात टाकल्यावर पोकळ दाणे वर येतात ना, तशीच जंतांची अंडी तरंगून काचेला चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

मात्र अंडी दिसली नाहीत म्हणजे जंत नाहीत, असे नव्हे. कोवळे जंत अंडीच घालत नाहीत. जिआर्डिया हा जुलाब करणारा सूक्ष्मजीव एक दिवस दिसतो, दुसऱ्या दिवशी नाही. म्हणून आठवड्यात तीन नमुने द्यावेत. पट्टकृमीची अंडी तुकड्यातच बंद राहतात, तेव्हा तो 'तांदूळ'च डबीत घालून न्यावा.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींच्या रांगेत मांजर घेऊन उभे राहायला आपल्याला संकोच वाटतो. वाटू नये. अवघड नमुन्यांसाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभागही आहे.

घरात सून गरोदर राहिली की मांजर पोत्यात घालून लांब सोडण्याची भाषा सुरू होते. भीती टोक्सोप्लाझ्माची असते, आणि ती खोटी नाही. पण मांजर त्याचे बीज बहुधा पहिल्या लागणीनंतर दोन-तीन आठवडेच टाकते, आणि ते बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. शी रोजच्या रोज दुसऱ्या कोणी उचलावी. मांजरीला कच्चे मटण घालू नये. सुनेने कच्चे मटण हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मटण पुरते शिजवूनच खावे, कारण ही लागण माणसाला तिथूनही होते.