चेंडू आणि दमसास

मराठी माणसाला बेंगळूर म्हटले की शहाजीराजांची जहागीर आठवते. अलीकडच्या पिढीला संगणकाची कार्यालये आणि तेथे नोकरीस गेलेली मुले आठवतात. फुटबॉल मात्र सहसा कोणाला आठवत नाही. वास्तविक अलसूर, गौतमपुरा, ऑस्टिन टाऊन या छावणी भागातील वस्त्यांत हा खेळ कित्येक पिढ्यांपासून रुजला आहे. इंग्रजांनी १८०९ साली येथे लष्करी छावणी वसवली. पुढे पलटणींबरोबर चेंडू आला आणि मैदानाच्या कडेला उभी राहून खेळ पाहणारी मुले यथावकाश मैदानात उतरली. गौतमपुऱ्यात तर बुद्ध, बाबासाहेब आंबेडकर आणि मदर तेरेसा यांच्या पुतळ्यांच्या सोबतीला पेलेचाही पुतळा आहे. देवघरात कोणाला बसवावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण पायाने चेंडू खेळणाऱ्याला हा मान देणारी वस्ती आपल्या देशात विरळाच.

माझे एक स्नेही नोकरीनिमित्त या शहरात स्थायिक झाले आहेत. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी फुटबॉल शिकू लागला. दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे उतरलो, तेव्हा चिरंजीव गुडघ्याखाली बर्फ धरून बसले होते. चौकशी करता कळले, की शिकवणारे गृहस्थ आधी मैदानाला पंधरा फेऱ्या मारायला लावतात, मग उठाबशा, आणि उजेड उरला तर चेंडू. ‘आधी दम, मग चेंडू,’ असे त्यांचे ब्रीद. मुलगा मला म्हणाला, ‘काका, मी फुटबॉल खेळायला जातो, पण फुटबॉल खेळतच नाही.’ त्याचे वडील मात्र काळजीत होते ते निराळ्याच कारणाने: फेऱ्या पंधरा पुरेत, की वीस कराव्यात?

हा प्रश्न केवळ एका घरचा नाही. आपल्या फुटबॉलच्या इतिहासाचाच तो प्रश्न आहे. बेंगळूर मुस्लिम्स या संघाने १९३७ साली मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. पलटणींची मिरास मोडून हा चषक उचलणारा तो पहिला भारतीय संघ होय. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सविरुद्ध उतरला तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी होते. म्हैसूरच्या सारंगपाणी रामन यांनी भारताचा ऑलिंपिकमधील पहिला गोल केला. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना २–१ असा हातचा गेला. त्याच संघात बेंगळूरचे अहमद खान होते. चेंडू त्यांच्या पायाशी असा डोलत असे, की लोक त्यांना गारुडी म्हणत. पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगालच्या ज्या पाच आघाडीवीरांना ‘पंच पांडव’ हे नाव मिळाले, त्यांपैकी ते एक.

आणि तरीही १९५२ साली हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असे धुऊन काढले. तो एकुलता एक गोल अहमद खान यांचाच होता, तोही सामना संपता संपता. या पराभवानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले, म्हणून दोष पायांच्या अनवाणीपणावर टाकून आपण मोकळे झालो. पण त्या काळी देशातले सामने पूर्ण नव्वद मिनिटांचे नसत, ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही. पायात जादू होती. ती शेवटपर्यंत टिकवून धरणारा दमसास घडवण्याची व्यवस्था नव्हती. तेव्हा स्नेह्यांच्या गावचे शिक्षक दम मागतात, यात चूक नाही. चूक आहे ती दम कशाला म्हणावे, यात.

फुटबॉलपटू एका सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो, हे ऐकून लोकांना वाटते की हा लांब पल्ल्याचा धावपटूच असला पाहिजे. पण या अंतरातला मोठा भाग चालण्यात आणि संथ धावण्यात जातो. सामन्याचा निकाल लागतो तो मधूनमधून येणाऱ्या दोन-चार सेकंदांच्या झेपांवर. झेप घ्यायची, थांबायचे, वळायचे, उडी मारायची, श्वास सावरायचा आणि पुन्हा झेप घ्यायची. एकाच गतीने मैदानाला घातलेल्या प्रदक्षिणा यातले काहीही शिकवीत नाहीत. त्यापेक्षा वीस मीटरवर दोन खुणा ठेवाव्यात, जोरात जावे, वळून यावे, थोडे थांबावे आणि पुन्हा जावे. हे आठ-दहा वेळा झाले की मुलाला दमाचा खरा अर्थ कळतो. त्याहूनही बरे म्हणजे छोट्या चौकोनात चार विरुद्ध चार असा सामना. चार मिनिटे खेळ, दोन मिनिटे विसावा, असे चार डाव झाले की छाती भात्यासारखी चालते आणि प्रत्येकाचा पाय कितीतरी वेळा चेंडूला लागलेला असतो. दम आणि चेंडू यांची फारकत करण्याचे कारणच उरत नाही.

खेळापूर्वी शरीर तापवण्याची पद्धतही बदलली आहे. उभे राहून स्नायू ताणत बसण्याऐवजी आता हलके धावणे, मग कंबर व मांड्यांच्या बळाचे व्यायाम, एका पायावर तोल, नीट गुडघे वाकवून उडी व उतरणे, आणि शेवटी वेगाने धावून दिशा बदलणे, असा वीसएक मिनिटांचा क्रम शिकवतात. जागतिक फुटबॉल संघटनेने असा एक क्रम चौदा वर्षांपुढील खेळाडूंसाठी आखून दिला आहे, आणि तो आठवड्यातून दोनदा तरी नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती स्पष्टपणे कमी झाल्याचे आढळले आहे. वीस मिनिटे ‘वाया’ जातात म्हणून हळहळणाऱ्यांनी दुखापतीत जाणारे महिने मोजावेत.

आता चेंडूकडे येऊ. चेंडूवरची पहिली पकड, म्हणजे आलेला चेंडू पायाशी कसा उतरवून घ्यावा, ही या विद्येची बाराखडी. ताठ पाय पुढे केला तर चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा उडतो. चेंडू लागण्याच्या क्षणी पाय किंचित मागे घेतला तर तो निवतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घेतो, तसेच हे. बेंगळूरची तांबड्या मातीची मैदाने या शिक्षणाला अनुकूल होती असे मला वाटते, कारण त्या खडबडीत भुईवर चेंडू कधी सरळ येतच नसे. आज तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीवर तो शहाण्यासारखा येतो आणि पायही तितकाच आळसावतो. हिरवळीला माझा विरोध नाही. परंतु जिच्यासाठी पैसे मोजावे लागतात त्या हिरवळीपर्यंत गौतमपुऱ्यातली किती मुले पोचणार, हा विचार मनातून जात नाही.

सुदैवाने या विद्येला फार सामग्री लागत नाही. एक भिंत आणि एक चेंडू पुरे. भिंतीपासून चार-पाच पावलांवर उभे राहून पायाच्या आतल्या बाजूने चेंडू मारावा आणि परत येताना तो एकाच स्पर्शात वळवावा. शंभर वेळा उजव्या पायाने केले तर दीडशे वेळा डाव्याने करावे, कारण दुबळ्या पायाला शिकवणी अधिक लागते. थोडी सवय झाली की चेंडू येण्याआधी मान वळवून खांद्यामागे पाहण्याचा नेम करावा. चेंडू पायाशी आल्यावर वाट शोधणारा खेळाडू नेहमीच उशिरा पोचतो. टेनिसचा चेंडू घेऊन हेच केले तर पाय अधिक नाजूक होतो. मात्र लहानांना मोठ्यांचा चेंडू देऊ नये. प्रौढांचा पाच क्रमांकाचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार क्रमांकाचा हलका चेंडू योग्य. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव तर लहानपणी टाळलेलाच बरा. अमेरिकेत २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो बंदच करण्याचे ठरले.

राहिला तो गुडघा. मुलगा तेरा-चौदाव्या वर्षी एका वर्षात आठ-नऊ सेंटिमीटर उंच होतो. मुलींना हा बहर दोनएक वर्षे आधी येतो. हाडे वाढतात, पण त्यांना जोडलेले स्नायू तितक्या झपाट्याने लांबत नाहीत. मांडीच्या पुढच्या स्नायूचा सारा ताण गुडघ्याखालच्या नडगीच्या उंचवट्यावर येतो, आणि तेथले हाड अद्याप कोवळे असते. म्हणून तेथे सूज व दुखणे येते. ते बहुधा वाढीबरोबर थांबते. पण पंधरा फेऱ्यांच्या जोडीला पाच आणखी घातल्याने थांबत नाही. अशा दिवसांत धावणे व उड्या कमी कराव्यात आणि चेंडूचे कौशल्य वाढवावे; दुखणे रेंगाळले तर डॉक्टरांना दाखवावे. एरवीही, मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्यात शिस्तबद्ध सराव नसावा आणि निदान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी, असा तज्ज्ञांचा ढोबळ संकेत आहे. त्या वयाला रात्रीची आठ ते दहा तास झोप हवी. शिकवण्या आणि मोबाइल यांच्यातून ती कोठून काढायची, हे आईबापांनी ठरवावे. खाण्यासाठी डबाबंद चूर्णे नकोत. नाचणीचा मुद्दा, डाळ, शेंगदाणे, केळी, अंडे चालत असेल तर अंडे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, एवढे पुष्कळ झाले.

माझ्या स्नेह्यांनी पंधरा की वीस हा हिशेब सोडून दिला. मुलाला त्यांनी महिनाभर मैदानावरून उठवले आणि घरामागच्या भिंतीपाशी उभे केले. २०२३ च्या मार्चमध्ये कर्नाटकाने चोपन्न वर्षांनी संतोष चषक जिंकला, त्या रियाधच्या अंतिम सामन्याचे चित्रण पाहून तो आता डाव्या पायाने चेंडू मारतो. मागच्या पत्रात स्नेही लिहितात, की गुडघा बरा आहे, भिंतीचा गिलावा मात्र पडू लागला आहे.